आरव

बस वळली आणि पायांखाली
पांढऱ्या रंगातला एक शब्द दिसला,
माणसाएवढ्या उंच अक्षरांचा, रस्त्यावर आडवा झोपलेला.
अक्षरं रोमन, तरी मला लागेना.
ड्रायव्हर हेविननं खिडकीतून डोकं काढलं:
आरव. म्हणजे सावकाश.
मला सांगायचं होतं, आमच्यात आरव म्हणजे कोंबड्याची हाक,
पण तोवर बस भरधाव गेली होती.

वेल्सचं हे खोरं.
दोन्हीकडच्या टेकड्यांवर मेंढ्या,
घमेल्यातून उडालेल्या ज्वारीच्या लाह्यांसारख्या.
मधून नदी, उकळत ठेवून विसरलेल्या चहाच्या रंगाची.
एकच हमरस्ता. दोन खाटीक, एक घड्याळजी,
आणि रस्ता दमतो तिथे, लोखंडी फाटकाआड, विद्यापीठ.
अख्खं विद्यापीठ!
आमच्या परीक्षा केंद्राचा सायकलस्टँड मोठा असेल.

तीस वर्षं मी मुद्रितं तपासली,
पाटी दिसली की बोट आपोआप चूक शोधतं.
इथे प्रत्येक पाटी दोनदा बोलते,
आधी इथली भाषा, खाली इंग्रजी,
आणि मला फक्त खालची कळते,
म्हणजे अर्ध्या गावाला मी निरक्षर.
बरं वाटलं. बोट खिशात घातलं.

बुधवार होता, मेंढ्यांचा बाजार.
एक मुलगी, काखेत ग्रीक व्याकरण,
दुसऱ्या हातानं मेंढ्याचं शिंग धरून
त्याला बापापाशी ओढत होती.
काहीतरी म्हणाली. तासाला उशीर होतोय, असंच असणार,
कारण बापानं मनगटावरचं घड्याळ पाहिलं
आणि मेंढ्याला रागावला.

ग्रंथालयात सहा माणसं. त्यांतली दोन उबेला आलेली.
ग्रंथपाल इद्रिस दारातच बूट पुसायला लावतो,
पंडित असो की गुराखी,
चिखल सगळ्यांचा एकाच नदीचा.

मुक्काम एलुनेदबाईंकडे.
कॉलेजच्या भटारखान्यात एकतीस वर्षं होत्या.
पूर्वी सहाशे ताटं, म्हणाल्या, आता चाळीस,
आणि त्यांतली दहा बदामाचं दूध मागणारी.
वरच्या खोलीत विद्यार्थी ठेवायच्या.
कपाटाच्या दाराला आतून, पेन्सिलीनं, सगळ्यांची नावं:
कोस्तास, नाओमी, दोन वेगवेगळे ग्विलिम,
आणि एक कुणीतरी, ज्याचं नाव त्यांनाही वाचता येत नाही,
फक्त खोकला आठवतो.
काही नावांपुढे उभ्या रेघा.
अंडी, म्हणाल्या. उसनी.
सकाळी घाईत खाऊन पळायचे, पैसे नंतर देतो म्हणत.
कोस्तासच्या अकरा रेघा.
अथेन्सला न्यायाधीश आहे आता.
हे त्यांनी अशा सुरात सांगितलं
की तो कोर्टात उभा राहिला तरी या रेघा पुसणार नाहीत.

शेवटचं नाव सहा वर्षांपूर्वीचं.
त्याखाली बरंच कोरं लाकूड,
आणि फळीवर मुरंब्याच्या बरण्या.

रात्री खिडकीतून पाहिलं,
कॉलेजच्या एका खोलीत दिवा होता.
एकच. मी झोपले तेव्हाही होता.

पहाटे परसात कोंबडा आरवला.
डोळे मिटूनच विचार केला,
हा उठ म्हणतोय, की सावकाश?
खोरं त्याचं. भाषा त्याची.
मी कूस बदलली.
सातची बस, हेविनसकट, निघून गेली.

खाली कढईत अंडी तडतडत होती.
पैसे काढले, तर एलुनेदबाईंनी
हातातला झारा नुसता जिन्याकडे केला
आणि ओट्यावरची पेन्सिल पुढे सरकवली.

वर जाऊन कपाट उघडलं.
कोऱ्या लाकडावर देवनागरीत नाव लिहिलं,
सवयीनं एकदा तपासलं,
आणि पुढे दोन रेघा ओढल्या.